मुलाने केलं तर 'वय असतं', मुलीने केलं तर 'चालू', असं का?

तुम्ही विचारलंय की दोन-तीन कॅज्युअल रिलेशनशिप झालेल्या मुलाला मित्र 'भारी आहेस' म्हणतात आणि तेवढंच केलेली मुलगी 'चालू' ठरते, हे कशामुळे? यावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की हा दुजाभाव मी स्वतः टाइप करून, सही-शिक्क्यानिशी नोटीस बोर्डावर लावलाय.

नाशकात गंगापूर रोडच्या एका सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो. दुसऱ्या मजल्यावर नोकरी करणाऱ्या तीन मुली भाड्याने राहायच्या, तिसऱ्यावर चार मुलगे. मुलींकडे रात्री 'कोणकोण' येतं अशी कुजबुज सुरू झाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली, ठराव झाला: रात्री नऊनंतर येणाऱ्या पाहुण्याची वॉचमनच्या वहीत नोंद. कागदावर अर्थात 'सर्व भाडेकरूंसाठी'.

पाच-सहा महिन्यांनी पाण्याच्या टँकरचा हिशोब जुळेना म्हणून ती वही घरी आणली. टँकर राहिले बाजूला. दुसऱ्या मजल्याच्या नोंदींनी पानंच्या पानं भरलेली. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, गाडीचा नंबर. 'नातं' या रकान्यात एके ठिकाणी लिहिलेलं: 'भाऊ (म्हणे)'. तिसऱ्या मजल्याची एकही नोंद नाही. तिथे मुली येत नव्हत्या असं अजिबात नाही, लिफ्टमध्ये मलाच भेटल्या होत्या. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "साहेब, पोरांकडं कोण येतं ते काय लिहायचं?"

त्याला मी काय बोलणार! माझ्या मुलाच्या पुण्यातल्या भानगडी कळल्या तेव्हा आमच्याकडे हशा पिकला होता, 'काकावर गेलाय' म्हणून. पुतणी कॉलेज रोडला कुणाच्या तरी बाइकवर नुसती दिसली, तर तिचा क्लास बंद झाला. तो निर्णय झाला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. गप्प.

लोक म्हणतात, निस्तरायला मुलीलाच लागतं ना. हे अगदीच खोटं नाही. पण र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. शंभर वर्षांत साधनं मेडिकलच्या काउंटरवर आली, आपलं बोलणं तिथेच राहिलं. आणि काळजी खरंच पोरीची असती तर आपण मुलालाही तेवढंच झापलं असतं.

मला वाटतं, सगळी गोम मालकीत आहे. व्यभिचाराचं कलम ४९७ घ्या, १८६० च्या दंडसंहितेतलं. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर शिक्षा त्या पुरुषाला; पण नवऱ्याचीच संमती असेल तर गुन्हाच नाही! आणि आपला नवरा बाहेर काही करत असेल तर बायकोला या कलमाखाली तक्रारही करता येत नव्हती. म्हणजे बाई ही कुणाच्या तरी ताब्यातली चीज. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला हे कलम रद्द केलं, आमच्या पार्किंगमधल्या मीटिंगांत ते अजून लागू आहे. 'बारा गावचं पाणी प्यायलेला' असं पुरुषाबद्दल आपण जवळजवळ कौतुकाने म्हणतो. बाईबद्दल म्हणून बघा. शूर्पणखेचं नाक कापलं गेलं ते आमच्या पंचवटीत, गावाचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. तेव्हापासून घराण्याचं नाक पोरीच्याच हवाली केलेलं दिसतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, नियम ठेवायचा तर तिसऱ्या मजल्याच्याही नोंदी झाल्या पाहिजेत. ज्यांचा तो फ्लॅट, ते उसळलेच. "अहो, पोरं सोडून जातील, भाडं तुम्ही देणार का?" दहा मिनिटांत नियम रद्द झाला, चहा आला.

मुलींनी मात्र महिन्याभरापूर्वीच फ्लॅट सोडला होता, पाथर्डी फाट्याकडे गेल्या. टेम्पोत सामान चढवायला तो 'भाऊ (म्हणे)' आला होता. गादी खांद्यावर घेऊन तो जिना उतरत होता, तेव्हा मी त्याला नीट पाहिला. नाक-डोळे अगदी त्या तिघींतल्या एकीसारखे.