गाडीला नवा रंग द्यायचाय, आधीचा रंग पूर्ण काढावा लागतो का?

नाही. घट्ट बसलेला रंग राहू द्या, त्याच्यासारखं अस्तर नाही. आधी डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचं फडकं घासा. रंग फडक्यावर उतरला तर तो बहुधा जुना एनसी, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारा नायट्रोसेल्युलोज रंग. त्यावर थेट टू-के (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारलात की सुरकुत्या पडू शकतात.

उतरला नाही, तर मेण-तेल पुसून मगच पॉलिश पेपर. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत बसतं आणि नव्या रंगात बारीक गोल खळगे पडतात. फुगलेल्या जागी मात्र पत्र्यापर्यंत जा, एपॉक्सी प्रायमर (पत्र्याला गंजापासून वाचवणारं अस्तर) लावा. तिथल्या जुन्या रंगाच्या कडा ३२० नंबरच्या पेपरने इतक्या उतरवा की बोटाला पायरी लागू नये. बाकी सगळीकडे ६०० नंबर, पाणी लावून.

आणि बडोद्यातल्या पावसाळ्यात नको हा उद्योग. खड्डे भरायची पुट्टी पाणी पिते. माझ्या मारुती ८००च्या दारावर दिवाळीपर्यंत पुन्हा फोड!