पर्समधलं पिस्तूल घरीही येतं

पत्र:

ताई, मी ह्यूस्टनजवळच्या एका चोवीस तास उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. वय ४३. आठवड्याला चार रात्रपाळ्या. मार्चमध्ये रात्री अडीचच्या सुमाराला एक जण काउंटरवरून उडी मारून आत आला, पिस्तूल रोखून त्यानं ऑक्सिकोडोन, नशेसाठी घेतलं जाणारं ते वेदनाशामक, मागितलं. मी दिलं. दोन मिनिटांत तो गेला, कुणाला काही झालं नाही. कंपनीनं दोन दिवस रजा दिली, एक फॉर्म भरून घेतला, संपलं. मला मात्र अजून दार उघडल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो. माझा टेक्निशियन म्हणतो, “टेक्ससमध्ये आता लायसन्ससुद्धा लागत नाही, माझं जुनं पिस्तूल घे, पर्समध्ये ठेव, कुणाला कळणार आहे?” या शनिवारी तो मला रेंजवर नेणार आहे. कंपनीच्या हँडबुकमध्ये कामावर शस्त्र आणायला मनाई आहे. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी मिळालं. नवऱ्याला यातलं काही बोलले नाही. तो म्हणेल नोकरी सोड, आणि घराचे हप्ते माझ्या पगारातून जातात. मुलगी सात वर्षांची, तिला सकाळी घरी येऊन मीच शाळेत सोडते. मुलगा पंधराचा, तो हल्ली खोलीबाहेर फारसा येत नाही. पिस्तूल न्यावं की नाही, एवढंच सांगा. मला एकेरीच म्हणा.
– रात्रपाळीवाली

उत्तर:

नको नेऊस. “एवढंच सांगा” म्हणालीस म्हणून आधी एवढंच सांगितलं. आता बाकीचं ऐक.

तुझी भीती खोटी नाही आणि तू घाबरटही नाहीस. सत्ताविसाव्या वर्षी मी न्यू जर्सीतल्या एका पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे. एका संध्याकाळी एकानं माझ्यावर पिस्तूल धरलं. त्याचा चेहरा मला आजही आठवत नाही, त्या नळीचं काळं तोंड तेवढं आठवतं. जे ड्रॉवर मी दिवसातून शंभर वेळा उघडायचे, ते त्या दिवशी माझ्या हातांना उघडता येईना. बोटं माझी नव्हतीच. पुढचे कितीतरी महिने मी दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडेच बघत असे. तेव्हा कुणी “हे घे, पर्समध्ये ठेव” म्हणालं असतं तर मीही ठेवलं असतं. म्हणून तुला हसणार नाही आणि रागावणारही नाही.

पण मार्चमधली ती दोन मिनिटं पुन्हा डोळ्यांपुढे आण आणि त्यात पिस्तूल घाल. ते पर्समध्ये आहे, पर्स काउंटरखाली किंवा मागच्या कपाटात. त्याचं पिस्तूल आधीच हातात आहे, तुझ्यावर रोखलेलं. तुला खाली वाकायचंय, चेन उघडायची आहे, पिस्तूल काढायचंय, आणि तो हे सगळं बघतोय. तुझ्या शेजारी टेक्निशियन उभा आहे, औषधासाठी थांबलेलं गिऱ्हाईकही असेल. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास रँड या संस्थेनं २००८ साली प्रसिद्ध केला. समोरूनही गोळ्या सुटत असताना पोलिसांच्या साधारण १८ टक्केच गोळ्या लागल्या होत्या. ही रोज पिस्तूल बाळगणारी, सराव करणारी माणसं. तू शनिवारी कागदाच्या आकृतीवर पन्नास गोळ्या झाडशील आणि तुला वाटेल, जमतंय की. कागद उलट गोळी झाडत नाही. आणि तुझी गोळी तिसऱ्याच माणसाला लागली, तर स्वसंरक्षणाची ढाल टेक्ससच्या कायद्यात तिथे पुरत नाही. बेफिकिरीनं निरपराध माणूस जखमी केलास की जबाब तुलाच द्यावा लागतो.

आता समज की सगळं तुझ्या मनासारखं झालं. तसंही एक प्रकरण घडलेलं आहे आणि तुझ्याच व्यवसायात घडलंय. मे २०११ मध्ये मिशिगनमधल्या बेंटन टाउनशिपला रात्रपाळीच्या एका फार्मासिस्टवर पहाटे दरोडेखोर चालून आले. आधी एकदा त्याच दुकानात तो लुटला गेला होता, म्हणून त्यानं रीतसर परवाना काढून पिस्तूल जवळ बाळगलं होतं. त्यानं गोळ्या झाडल्या, दरोडेखोर पळाले, कुणालाही इजा झाली नाही. यापेक्षा चांगला शेवट कुणी मागू शकत नाही. कंपनीनं त्याला कामावरून काढलं. तो कोर्टात गेला, आणि २०१४ साली केंद्रीय अपील न्यायालयानं कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. खाजगी मालक आपल्या जागेत शस्त्र नको म्हणू शकतो, परवाना असला तरी. टेक्ससमध्येही नोकरी मालकाच्या मर्जीवरच असते. तुझ्या घराचे हप्ते याच पगारातून जातात ना?

“टेक्ससमध्ये लायसन्स लागत नाही” हे तुझ्या टेक्निशियनचं वाक्य अर्धंच खरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे खरं. पण मालकाची मनाई त्यानं रद्द होत नाही. दुकानाच्या दारावर पिस्तूल आणायला मनाई करणारी ३०.०५ कलमाची पाटी असेल, तर आत पिस्तूल नेणं हा नुसता नियमभंग राहत नाही, गुन्हा होतो. २०११ च्या एका कायद्यानं टेक्ससमधल्या नोकरदाराला पार्किंग लॉटमध्ये स्वतःच्या कुलूपबंद गाडीत पिस्तूल ठेवता येतं, मालक त्याला सहसा हरकत घेऊ शकत नाही. टेक्निशियन पुढे हेही सुचवेल. पण रात्री अडीचला गाडीतल्या पिस्तुलाचा तुला काय उपयोग? गाड्या फोडणाऱ्यांना मात्र आहे. या देशात चोरीला जाणाऱ्या बंदुकांत गाडीतून गेलेल्यांचा वाटा फार मोठा आहे.

आणि सकाळी मुलीला शाळेत कोण सोडतं? तूच. शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल बाळगणं केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. राज्याचा परवाना असणाऱ्याला त्यातून सूट आहे, बिनपरवान्याच्या माणसाला नाही. म्हणजे ज्या सवलतीच्या भरवशावर तू हे करणार, तीच रोज सकाळी पावणेआठला तुला गुन्हेगार करणार.

ग्रीन कार्डाबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, मला ती ओळ सगळ्यांत जड वाटली. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल घेता येतं. पण शस्त्राच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलीस की तेवढ्या कारणानं देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते, मग ग्रीन कार्ड कितीही जुनं असो. नागरिक माणसाला दंड भरून सुटता येईल अशा चुकीत तुझं घर मोडेल. जाता जाता, हे वाचणाऱ्या एच-वन, एच-फोर आणि विद्यार्थी व्हिसावरच्या मुलामुलींनो, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुम्हाला पिस्तूल किंवा काडतूस जवळ बाळगणंच केंद्रीय गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. मित्राचं पिस्तूल हातात घेऊन फोटो काढण्याआधी हे आठवा.

टेक्निशियनकडून जुनं पिस्तूल तर अजिबात घेऊ नकोस. टेक्ससमध्ये दोन खाजगी माणसांतल्या अशा व्यवहाराला पार्श्वभूमीची तपासणी लागत नाही. ते त्याच्याकडे कुठून आलं, आधी कुणाचं होतं, हे तुला कळायचा मार्ग नाही.

हे सगळं कायद्याचं झालं. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. दरोडेखोर तुझ्यासमोर दोन मिनिटं होता. पिस्तूल तुझ्याजवळ चोवीस तास असणार. ते कपाटात असेल तेव्हा तू काउंटरवर असशील. बाथरूमला जाताना ते बरोबर न्यावं लागेल आणि परत आणायची आठवण ठेवावी लागेल. सकाळी रात्रभराच्या जागरणानं डोळे मिटत असताना तू पर्स सोफ्यावर टाकशील, जशी रोज टाकतेस, आणि झोपशील. त्या पर्समध्ये मुलगी पेन शोधते, गोळी-चॉकलेट शोधते. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोतल्या हेडन गावी एक तरुण आई मुलांना घेऊन दुकानात खरेदीला गेली होती. तिच्याकडे परवाना होता. तिच्या दोन वर्षांच्या मुलानं तिच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, चाप ओढला गेला, आणि ती तिथेच गेली. मी ते वाचलं तेव्हा त्या मुलाचाच विचार करत राहिले. तो आता मोठा होत असेल.

आणि तुझा पंधराचा मुलगा. त्याच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, मी ते चार वेळा वाचलं. कदाचित ते वयच तसं असेल, कदाचित नसेल. पण अमेरिकेत बंदुकीनं जाणाऱ्या जिवांपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्येत जातात. गोळ्या खाऊन जीव द्यायला निघालेली बहुतेक माणसं वाचतात. पिस्तूल वापरणाऱ्या दहातली जेमतेम एक वाचते. पोरवयात तो विचार कित्येकदा काही मिनिटांचाच असतो, आणि तेवढ्यात हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. शिवाय नीट न ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्ससमध्ये तो पालकाचा गुन्हा ठरू शकतो. पण तो कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ज्या घरात एक मूल दार लावून बसलंय, तिथे आईनं नवऱ्यापासून लपवलेलं पिस्तूल येऊ नये. लपवलेलं असेल तर त्याला कुलूप आहे की नाही हे दुसरं कुणी बघणारही नाही.

पिस्तुलानं कुणीच कधी वाचलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाचलेले लोक आहेत. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या कामाच्या जागांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. जिथे कामगारांना बंदूक आणायची मुभा होती, तिथे खून होण्याची शक्यता शस्त्रबंदी असलेल्या जागांच्या पाच ते सात पट निघाली. धोक्याच्या जागीच मुभा जास्त दिली जात असेल, त्यामुळे सगळा दोष बंदुकीचा असं त्यातून सिद्ध होत नाही. पण बंदूक आणली की जागा सुरक्षित होते, हे तर त्यातून मुळीच दिसत नाही.

मग करायचं काय? तू मार्चमध्ये जे केलंस तेच बरोबर होतं. मागितलं ते दिलंस आणि जिवंत घरी आलीस. हे तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. आता जे काम कंपनीचं आहे ते कंपनीच्या गळ्यात घाल, आणि तोंडी नव्हे, ईमेलनं. टाइम-डिले सेफ माग. ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अशा सेफमध्ये असलं की ते कुणालाच लगेच काढता येत नाही, आणि तशी पाटी दारावर असली की थांबायला वेळ नसलेला माणूस बऱ्याचदा पुढच्या दुकानाकडे वळतो. काउंटर बंदिस्त करा म्हण, उडी मारता येते याचा अर्थ तो बुटका आहे. मूक अलार्मचं बटण, रात्री एकटं न ठेवणं, पार्किंगमधले दिवे आणि गाडीपर्यंत सोबत, हेही लिही. रात्री उघड्या असणाऱ्या दुकानांसाठी ओशाच्या, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, शिफारशी १९९८ पासून आहेत, त्यात यातलं बरंचसं आहे. त्यांचा उल्लेख कर. मॅनेजरनं ढिम्म हलायचं नाही असं ठरवलंच, तर ओशाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. तक्रार केली म्हणून त्रास दिला, तर त्याबद्दल ३० दिवसांच्या आत कळवायचं असतं. ही मुदत लक्षात ठेव. दिवसपाळी मागायची असेल तर ती याच ईमेलमध्ये माग, मार्चच्या घटनेची तारीख घालून.

दाराच्या आवाजानं पोटात गोळा येणं हा त्या रात्रीचा राहिलेला घाव आहे, आणि त्यावर उपचार आहेत. बऱ्याच कंपन्यांत समुपदेशनाची काही सत्रं फुकट मिळतात, एचआरला विचार. ट्रॉमावर काम करणारी व्यक्ती माग, नुसतं “स्ट्रेस मॅनेजमेंट” नको. मी तेव्हा गेले नाही. पाच वर्षं फुकट घालवली.

नवऱ्याला सांग. तो “नोकरी सोड” म्हणेल म्हणून तू गप्प आहेस, पण त्याला मार्चची रात्र तरी पूर्ण माहीत आहे का? “काही झालं नाही” एवढंच सांगितलं असशील, अशी मला शंका आहे. त्याला ते पिस्तूल, तो आवाज, सगळं सांग. हप्त्यांचं गणित दोघांनी मिळून मांडा. त्यातून दिवसपाळी आणि थोडा कमी पगार निघाला, तर तो तोटा तुम्हाला झेपतो का हे तरी कळेल.

टेक्निशियनला कळव, शनिवारी जमणार नाही. कारण द्यायची गरज नाही. त्या सकाळी मुलाच्या दारावर टकटक कर. त्याला प्रश्न विचारायला नको, गाडीत बसव आणि कुठे तरी लांब चक्कर मार. शेजारी बसून, समोर रस्त्याकडे बघत मुलं जास्त बोलतात. खूप गप्प असेल तर सरळ विचार, “तुला जगावंसं वाटत नाही असं कधी होतं का?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर “हो” आलं तर त्याला एकटा सोडू नकोस आणि ९८८ या आत्महत्येच्या संकटासाठीच्या हेल्पलाइनला फोन कर, तो कुठल्याही वेळी चालतो.

मला परत लिही. मॅनेजरचं उत्तर काय आलं ते नंतर कळव, आधी मुलाचं.

– तुझी ताई