पारलिंगी, परलिंगी की तृतीयपंथी?

प्रश्न असा आला आहे : महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एका विद्यार्थिनीने स्वतःविषयी लेख दिला आहे. त्यात ती स्वतःला ‘पारलिंगी’ म्हणते. संपादक मंडळातल्या एकाने ते खोडून ‘तृतीयपंथी’ केलं, दुसऱ्याने ‘परलिंगी’. बरोबर काय?

‘परलिंगी’ आधी बाजूला काढू. पर म्हणजे दुसरा, आपला नव्हे तो : परगाव, परदेश, परका. पार म्हणजे पलीकडे, ओलांडून : नदीपार, सीमापार, सातासमुद्रापार. जन्मल्यावर मुलगा किंवा मुलगी अशी जी नोंद झाली, ती ओलांडून जिची ओळख आहे ती व्यक्ती पारलिंगी. एक काना गाळला की आपलंच माणूस परकं होतं.

‘तृतीयपंथी’ची गोष्ट वेगळी. तो शब्द वाईट मुळीच नाही. कामसूत्रात आणि अमरकोशात ‘तृतीया प्रकृती’ आहे. आपल्याकडे मात्र ‘पंथ’ रुळला. पंथ म्हटलं की नाथपंथ, महानुभाव पंथ आठवतात, म्हणजे गुरू आला, दीक्षा आली. हिजडा समाजात गुरू-चेल्याचं नातं आहे, घराणी आहेत, रीतभात आहे, त्यामुळे तिथे हा शब्द नेमका बसतो. कोल्हापूर-सांगलीकडचे जोगते सौंदत्तीच्या यल्लम्माचे. त्यांची परंपरा याहून निराळी, तरी बातम्यांत त्यांनाही सरसकट तृतीयपंथी म्हणून टाकतात. पण आईवडिलांच्या घरी राहून इंजिनिअरिंग शिकणारा पारलिंगी मुलगा कुठल्या पंथात गेला? शिवाय अनेक पारलिंगी स्त्रिया स्वतःला फक्त स्त्री मानतात. त्यांच्या बाबतीत ‘तृतीय’ हा आकडा आपणच घातलेला असतो.

जाता जाता ‘उभयलिंगी’विषयी. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात हाच शब्द आहे, आणि तिथून तो मराठीतही शिरतो. मराठी शाळेत शिकलेल्याला मात्र उभयलिंगी म्हटलं की विज्ञानाच्या पुस्तकातलं गांडूळ आठवतं. माणसांसाठी तो नको. ज्यांची शरीररचनाच जन्मतः स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात बसत नाही, त्यांच्यासाठी ‘आंतरलिंगी’ आहे. आणि ‘समलिंगी’ म्हणजे कोणाविषयी ओढ वाटते ते. पारलिंगी म्हणजे आपण कोण आहोत ते. या दोघांची गल्लत तर रोज दिसते.

आता मला सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट. मराठीत ‘मी’ म्हटल्यावरही क्रियापद आपलं लिंग सांगून टाकतं. आमच्या वाचनगटात एक मुलगी येते. पूर्वी तिचा निरोप असायचा, ‘निघालो, दहा मिनिटांत पोचतो.’ एका रविवारी निरोप आला, ‘निघाले, दहा मिनिटांत पोचते.’ तिने वेगळं काहीच सांगितलं नव्हतं. दोन्ही क्रियापदांतला काना तेवढा गेला होता, मात्रा जागेवर होती. ती आली तेव्हा गटातल्या आजींनी तिला ‘ये गं’ म्हटलं आणि शेजारची खुर्ची सरकवली. (कोल्हापूरकडे कितीतरी बायका सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा या कान्यावरून कोणी कोणाची परीक्षा घेऊ नये.)

कोणाला काय म्हणायचं ते माहीत नसेल तर ‘तुम्ही’ कामाला येतं. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ इथे अडायला होतं. ‘तुम्ही कधी आलात, कुठे राहता’ यात अडत नाही. मग सरळ विचारून घ्यावं.

आणि पारलिंगी हे विशेषण म्हणूनच वापरा : पारलिंगी स्त्री, पारलिंगी पुरुष, पारलिंगी व्यक्ती. ‘एक पारलिंगी’ असं लिहिलं की माणूस गळतो. ‘ट्रान्सजेंडर’ही आता मराठीत रुळला आहे, लेखिकेने तो वापरला असेल तर तोही असू द्या. आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी मान्य केला आहे. मुद्रितशोधकाच्या लाल पेनाने तो काढून घेता येत नाही.

म्हणून तिचा ‘पारलिंगी’ तसाच छापा. आणखी एक, क्रियापदंही तपासू नका. बालपणाविषयी तिने ‘मी पाचवीत होते’ लिहिलं असेल, तर ‘तेव्हा तर मुलगा होता’ असं म्हणून कोणीतरी ‘होतो’ करायला जाईल. ते ‘होते’च राहू द्या.