आरएफएसमध्ये जायचं म्हणताय? मग आधी राखेचं ऐका

तुम्ही विचारलंय की सिडनीच्या पश्चिमेला रानाच्या कडेला घर घेतलंय, नोकरी आयटीतली, मुलं लहान. तर न्यू साउथ वेल्स राज्याच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये (आरएफएस, म्हणजे वणवे विझवणारी सेवा) स्वयंसेवक व्हावं का, आणि आपल्यासारख्याला ते झेपेल का. मी ब्लू माउंटन्सच्या पायथ्याला तिच्या एका ब्रिगेडमध्ये (स्थानिक तुकडीत) अकरा वर्षं आहे. झेपेल. फक्त डोळ्यांसमोर ज्वाळा आणि पाण्याचे फवारे असतील तर ते जरा बाजूला ठेवा.

आमचं खरं काम आग पुढे सरकून गेल्यावर सुरू होतं. काळ्या पडलेल्या रानात उतरायचं, हातमोजा काढायचा आणि हाताची मागची बाजू ओंडक्याजवळ न्यायची. ऊब लागली की रेकहोनं (एकीकडे दाते, दुसरीकडे धार असलेलं अवजार) ओंडका उलटा करायचा, खरवडायचा, पाणी मारायचं, परत हात. असं बारा तास. निलगिरीची मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसतात. वरून राख सपाट दिसते आणि पाय टाकला की खाली निखाऱ्यांचा खड्डा. माझ्या एका बुटाचा तळ असाच गेला. आतून जळून पोकळ झालेल्या झाडाची फांदी कधी खाली येईल नेम नसतो, त्यामुळे निम्मं लक्ष कायम वर. कंटाळवाणं आहे? भयंकर. पण एक बुंधा सुटला आणि दुपारी वारा फिरला की आदल्या दिवसाची सगळी मेहनत पाण्यात.

२०१९-२० चा उन्हाळा आठवत असेलच. गॉस्पर्स माउंटनची आग २६ ऑक्टोबरला वीज पडून लागली आणि ५ लाख हेक्टरांहून जास्त रान खाऊन गेली. राज्यात २,४०० च्या वर घरं जळाली. शेवटी आगी संपवल्या त्या फेब्रुवारीच्या पावसानं. त्या हंगामात मी २३ पाळ्या केल्या. माझ्या उंचीपेक्षा मोठी ज्वाळा समोर होती अशा पाळ्या मोजून दोन.

भीती वाटते का? वाटते, आणि वाटावी. आग अंगावर आलीच तर गाडीत शिरून, पडदे ओढून, ब्लँकेटखाली दबून बसायचं आणि गाडीवरचे फवारे चालू करायचे, याची तालीम इतक्या वेळा होते की शेवटी जांभया येतात. लहानपणी मुळशीकडे वणवा लागला की आम्ही पोरं आगीच्या वरच्या अंगाला चढून डहाळ्यांनी झोडपायचो. इथे पहिल्याच प्रशिक्षणात कळलं की चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. त्या रात्री आईला फोन करून विचारलं, आम्ही वाचलो कसे गं?

पैसे मिळत नाहीत. राज्यातले ७०,००० च्या आसपास स्वयंसेवक फुकटच राबतात. २०१९-२० च्या त्या हंगामात केंद्र सरकारनं बुडालेल्या रोजगारापोटी दिवसाला ३०० डॉलरपर्यंत आणि एकूण जास्तीत जास्त ६,००० डॉलर जाहीर केले, पण अटी होत्या. कायद्यानं रजा मिळते, तीही बिनपगारी. माझ्या तेव्हाच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात माझ्यासाठी केक आणला होता. चौथ्या आठवड्यात 'अजून किती दिवस?' सुरू झालं. तुमच्या साहेबांशी आधीच बोलून घ्या.

बाकी वर्षभर किरकोळच चालतं. अधिकृत हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. एरवी रस्त्यावरचे अपघात, पेटलेली गाडी, थंडीच्या आगेमागे मुद्दाम लावून रान मोकळं करायच्या आगी. आणि नाताळच्या आधी टँकरवर सँटाला बसवून गल्लीगल्लीत गोळ्या वाटायच्या. एका वर्षी सँटा मी होतो. ३६ अंशांत ती दाढी लावून बघा, मग आग बरी वाटते.

घरचं मात्र मी सुरुवातीला धरलंच नव्हतं. रात्री दोनला फोन वाजला की मी पाच मिनिटांत बाहेर, पण नंतर जागी राहते ती बायको. २०१९ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी मी अनोळखी माणसाच्या छपरावर चढून पन्हळीतली वाळकी पानं काढत होतो, कारण ठिणग्या पहिल्यांदा तिथेच पेट घेतात. आमच्या घराची पन्हळ तशीच भरलेली होती. ही एकटी दोन मुलं, पासपोर्टांची फाइल आणि देव्हाऱ्यातले देव गाडीत भरून पॅरामाट्टाला बहिणीकडे निघाली होती. त्यावर आमचं बोलणं झालं ते मार्चमध्ये.

तेव्हा प्रशिक्षणाच्या संध्याकाळी तुमच्या जवळच्या ब्रिगेडच्या शेडवर जा, पायात बूट घालून. सुरुवातीला नळ्या गुंडाळायला आणि गाडी धुवायला लावतील. वहिनींना सोबत न्या. कॅप्टनला त्यांनाच प्रश्न विचारू द्या.