साठ हजारांचा कोर्स आणि ९९ हर्ट्झ

कराड तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलं आहे: ‘मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात सॉफ्टवेअरकडे वळव, ती म्हणते मला व्हायब्रेशन अॅनालिसिसमध्येच जायचंय. त्यासाठी साठ हजारांचा सर्टिफिकेट कोर्स लावायचा हट्ट आहे. यात नोकरी आहे का? मुलीला झेपेल का?’

नमस्कार. साठ हजार सध्या खिशातच ठेवा. मुलीचा विचार मात्र मोडून काढू नका.

व्हायब्रेशन अॅनालिसिस म्हणजे यंत्राच्या कंपनांवरून त्यातला दोष ओळखणं. ते नेमकं कसं करतात, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. शिकाऊ असताना एका कारखान्यात पंपाच्या मोटरवर कंपनं वाढली. मोटर मिनिटाला २९७० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला साडेएकोणपन्नास. सेकंदाला किती वेळा होणारं कंपन किती जोराचं आहे, हे दाखवणाऱ्या आलेखात त्याच्या दुपटीला, शंभराच्या आसपास, उंच सुळका. पुस्तकात लिहिलेलं होतं: दुपटीला सुळका म्हणजे मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट बिघडलेलं, दोन्हींचे दांडे एका रेषेत नाहीत. आम्ही दोन रात्री जागून दोनदा अलाइनमेंट केलं. सुळका जिथल्या तिथे.

तिसऱ्या दिवशी एका जुन्या फिटरमामांनी चालू मोटरच्या एका पायाचा बोल्ट किंचित सैल केला आणि रीडिंग झपकन उतरलं. तो पाय नीट टेकतच नव्हता. बोल्ट आवळला की मोटरचा सांगाडा पिळायचा, आतल्या फिरत्या आणि स्थिर भागांमधली हवेची फट असमान व्हायची, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, विजेमुळे १०० हर्ट्झचं कंपन उठायचं. फेऱ्यांची दुप्पट ९९, विजेची १००. आमच्या ढोबळ आलेखात दोन्ही एकच दिसत होते. वीज बंद करून पाहिलं असतं, तरी कळलं असतं: विजेचं कंपन त्याच क्षणी नाहीसं होतं, अलाइनमेंटचं वेगाबरोबर हळूहळू उतरतं. पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी घातली, काम संपलं.

पुस्तकातलं कामावरच नीट उमगतं, म्हणून कोर्सची घाई नको म्हणतो. आयएसओ १८४३६-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रमाणपत्राच्या चार श्रेणी आहेत आणि त्यांना कामाचा अनुभव लागतो: पहिलीला सहा महिने, दुसरीला दीड वर्ष. नोकरीला लागल्यावर पुष्कळ कंपन्या हा खर्च स्वतःच करतात. मुलाखतीत तिनं तेही विचारावं.

नोकऱ्या आहेत, पण वाटा दोन. एक मेंटेनन्सची: वीजकेंद्रं, रिफायनरी, सिमेंट आणि साखर कारखान्यांत मशीन बंद पडण्याआधी दोष सांगायचा. दुसरी गाड्यांची, ज्याला तिथले लोक एनव्हीएच म्हणतात: आवाज, कंपन, हादरे. पुण्यात एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी संस्था आणि वाहन कंपन्या यांच्यामुळे ही वाट आपल्याला जवळची, पण तिथे बहुधा एमटेक विचारतात. त्यासाठी गेट या प्रवेशपरीक्षेची तयारी आत्तापासून हवी. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असेल आणि पहिली तीनेक वर्षं ते टोचेल. शिवाय मॅटलॅब किंवा पायथॉनमधलं प्रोग्रॅमिंग इथेही सुटत नाही, हे ‘सॉफ्टवेअरकडे वळव’ म्हणणाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

झेपण्याचं म्हणाल, तर मोजायचं यंत्र हातात मावतं. उकाडा, शिड्या, रात्रीचे फोन, परगावचे मुक्काम हे खरे प्रश्न आहेत आणि ते मुलांनाही आहेत. राहण्याची, प्रवासाची, स्वच्छतागृहाची सोय मुलाखतीत स्पष्ट विचारावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तिच्यासाठी काम. तुमच्या भागात साखर कारखाने आहेतच. गळीत हंगामात ओळखीनं महिनाभर मेंटेनन्समध्ये बसायला मिळतंय का बघा. बॉयलरमधला धूर ओढून बाहेर काढणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे आयडी फॅनच्या, पात्यांवर राख बसते, कुठे जास्त कुठे कमी, आणि पंखा असंतुलित होतो. तो एक पंखा महिनाभर मोजत राहिली, तरी पुष्कळ शिकेल.

तोवर घरचं वॉशिंग मशीन आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत अॅप फोनवर घ्यायचं, फोन मशीनवर चिकटपट्टीनं घट्ट बसवायचा, आत एकच ओला जाड टॉवेल टाकून ते फिरवायचं. सुळका किती हर्ट्झला येतो ते लिहायचं, साठनं गुणायचं आणि माहितीपुस्तिकेतल्या फेऱ्यांशी ताडून पाहायचं. आकडे जुळले नाहीत तर का, हे तिनं मला कळवावं.