होजियरी, गंजीफ्रॉक आणि मागावरचं कापड

प्रश्न असा आला आहे: ‘मी नागपुरात शिवणाचा क्लास करते. पुस्तकात कापडाचे निटेड आणि वोव्हन असे दोन प्रकार दिलेत. मराठीत दोन्हींना विणलेलंच म्हणतात. मग फरक कसा दाखवायचा? आणि इतवारीत दुकानदाराला नेमकं काय मागायचं?’

आधी इतवारीचं सांगतो, ते सोपं आहे. ‘होजियरीचं कापड’ किंवा सरळ ‘टी-शर्टचं कापड’ मागा, निटेडच समोर येईल. वोव्हनसाठी खास शब्द लागत नाही. नुसतं कापड म्हटलं की दुकानदार तेच उलगडतो: पॉपलिन, केंब्रिक, मलमल, खादी, डेनिम. वहीत जोडी लिहायचीच असेल तर मी वोव्हनला ‘मागावरचं’ आणि निटेडला ‘टाक्यांचं’ असं लिहीन. कुणी नवा संस्कृत शब्द घडवून दिला तरी तो दुकानात चालणार नाही, आणि दुकानात न चालणारा कापडाचा शब्द काय कामाचा?

‘विणणे’ हे क्रियापद मुळातच ऐसपैस आहे. बाज विणतात, टोपली विणतात, कोळी जाळं विणतो, कोष्टी लुगडं विणतो आणि आजी स्वेटरही विणते. धागा असो की बांबूची कामटी, एकमेकांत गुंतवून सलग वस्तू तयार झाली की विणणं झालं. कशी गुंतवली, हे क्रियापद विचारत नाही. हिंदीतलं ‘बुनना’ही तसंच.

फरक आहे तो धाग्याच्या वाटेत. मागावर उभे धागे आधीच ताणून बसवलेले असतात, तो ताणा. धोट्यातून येणारा आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो, तो बाणा. दोघेही जवळजवळ सरळ, त्यामुळे असं कापड उभं किंवा आडवं ओढलं तर फारसं हलत नाही. तिरकं ओढलं तर मात्र थोडं देतं, म्हणून तर गोल गळ्याला उरेब पट्टी लावतात. होजियरीच्या नेहमीच्या कापडात ताणा-बाणा नसतोच. धागा फास घेतो, तोच टाका, आणि त्या फासातून पुढच्या ओळीचा फास बाहेर येतो. सुयांवर सुलट-उलट घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ओढलं की फास पसरतो, सोडलं की बराचसा जागेवर येतो. बनियन बटणाशिवाय डोक्यातून जातं ते याच्याच जोरावर.

आता गमतीचा भाग. मागाचे शब्द बघा: ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी, काठ, पदर, दशा. कपड्यांची नावं बघा: लुगडं, धोतर, शेला, पंचा. सगळे घरातले वाटतात. टाक्यांच्या कापडाकडे वळलात की पाहुणेच पाहुणे. होजियरी हा इंग्रजी शब्द, मूळ पायमोज्यांवरून आलेला. मोजे विणायचं पहिलं यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्ये इंग्लंडात बनवलं आणि पुढे या धंद्याला मोज्यांचंच नाव चिकटलं. आपला ‘मोजा’ फारसी. जर्सी हे इंग्लिश खाडीतल्या एका बेटाचं नाव. शेजारच्या गर्न्सी बेटावरचे खलाशी लोकरीचा विणलेला सदरा घालत, त्या ‘गर्न्सी फ्रॉक’चा आपण गंजीफ्रॉक केला. बनियनची फेरी याहून लांबची: गुजराती वाणियो पोर्तुगीजांकडून इंग्रजीत गेला, तिथे सैल अंगरख्याचं नाव झाला आणि परत येऊन आपल्या अंगाला घट्ट बसला. सुयांवरचं विणकाम आपल्याकडे उशिरा आणि बहुतांशी युरोपियनांबरोबर आलं, त्याचीच ही खूण.

त्यात नागपूर तर मागाचंच गाव. इथली कोष्टी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर बसली, विदर्भातली करवतकाठी साडी आजही मागावरच होते, आणि १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिलही सूत आणि मागाचीच गिरणी होती. होजियरीची मोठी गावं दूर, तिरुपूर नाहीतर लुधियाना. इथे ‘कापड’ म्हणजे मागावरचंच असं गृहीत धरलं गेलं तर नवल नाही.

दुकानात घोळ घालणारा खरा शब्द वेगळाच आहे: इंटरलॉक. टेलर ‘इंटरलॉक मारून देतो’ म्हणतो तेव्हा तो कडेच्या शिलाईबद्दल बोलतो. होजियरीवाल्याकडे इंटरलॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, जरा जाड विणीचं कापड. कॉटन आणि लायक्रा हेही इथे फसवतात, कारण ती धाग्याची नावं आहेत, विणीची नाहीत. सुती बनियनही कॉटन आणि सुती धोतरही. जीन्स ताणली जाते ती लायक्रामुळे, विण मात्र मागाचीच. म्हणून ‘ताणतं म्हणजे होजियरी’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कापलेली कड बघा. मागावरच्या कापडाच्या दशा निघतात. साध्या जर्सीची, म्हणजे टी-शर्टच्या नेहमीच्या कापडाची, कड गुंडाळली जाते, आणि एखादा टाका तुटला की शिडीसारखी रेघ उसवत जाते. आणखी एक खूण: ठोक बाजारात होजियरी बहुधा किलोवर विकतात, मागावरचं मीटरवर. होजियरी बरेचदा नळीसारखीच विणलेली येते, म्हणून कित्येक बनियनांना बाजूची शिवण नसते.

शिवायला नव्याने बसलेल्यांनी पहिले कपडे मागावरच्या कापडाचेच शिवावेत असं माझं मत. खडू उमटतो, कात्रीखाली सरकत नाही. होजियरीला गोल टोकाची सुई लागते, साधी सुई धाग्यालाच भोक पाडते. शिलाईही ताणली गेली पाहिजे, नाहीतर घालताना टचकन तुटते. कापड ज्या बाजूने जास्त ताणलं जातं ती बाजू अंगाभोवती येईल असं बेतायचं. सुती होजियरी आटतेही जास्त, तेव्हा बेतण्याआधी धुऊन वाळवा. आणि आपल्या मे महिन्यात अंगाला चिकटणारा टी-शर्ट मला सोसवत नाही. विरळ विणीची मलमल किंवा खादी, तीही सैल शिवलेली, म्हणजे आतून वारा खेळतो.

जाता जाता, किराण्याच्या दुकानात मिळणारी ती रंगीत ‘कापडी’ पिशवी दोन्हींत बसत नाही. ती प्लास्टिकच्या तंतूंना उष्णतेने दाबून केलेली, न विणलेली असते.