इमारत पुनर्विकासाला जातेय. घरातलं बरंचसं सामान दीड-दोन वर्षं गोडाऊनमध्ये ठेवायचंय. पॅकिंग कसं करावं?

मुंबईत असाल तर खरा शत्रू दमट हवा. मध्ये एक तरी पावसाळा येणारच. म्हणून प्रत्येक वस्तू आधी कडकडीत कोरडी करा. गाद्यांना दोन-तीन उन्हं द्या आणि जुन्या सुती चादरीत बांधा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की आतली ओल आतच राहते, बुरशी धरते.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून आतून पुसा, दार किंचित उघडं राहील असं बांधा. नाहीतर कुबट वास जाता जात नाही.

पितळी भांडी चिंचेने घासून, पुसून, सुती कापडात ठेवा. जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. चिनी मातीच्या बश्या आडव्या रचण्यापेक्षा उभ्या लावा, कमी फुटतात. पुस्तकांना छोटेच खोके घ्या, मोठा भरला तर उचलताना तळ निसटतो.

खोक्यांवर आत काय आहे ते वरच्या झाकणावर नको, बाजूला लिहा. थप्पी लागली की झाकण दिसत नाही. खोके थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवायला सांगा. आणि दागिने, घराची कागदपत्रं, पुनर्विकासाचा करारनामा स्वतःजवळच ठेवा.